मला दिवस गेले म्हणे

मला दिवस गेले आहेत ही बातमी गावात सगळ्यांत शेवटी मला कळली.

शुक्रवारी सकाळी मी नळाखाली कळशी लावून उभी होते. शेजारची रंगूकाकी आली आणि भरलेली कळशी तिने माझ्या हातातून काढूनच घेतली. "तू वजन उचलू नको, बाय. मी ठेवते दारात." आता ही रंगूकाकी अशी, की स्वतःची कळशीसुद्धा गोड बोलून दुसऱ्याला न्यायला लावेल. मी म्हटलं, "काकी, बरं वाटत नाहीये का?" तर ती माझ्या पोटाकडे बघून हसली. "पेढा ग्वाड व्हता हां! चंद्राला म्हनावं, नातू झाला तर येका पेढ्यावर भागायचं न्हाय."

चंद्रा म्हणजे चंद्राबाई, माझी सासू. मी कळशी, काकी, नळ सगळं तिथेच टाकून घराकडे धावत सुटले. मागून काकी ओरडत होती, "अगो, धावू नको! नूतन, धावू नको!"

आई पडवीत बसली होती. सासूला मी आईच म्हणते. मांडीवर पेढ्यांचा खोका, तोही निम्मा रिकामा. अंगावर लग्नकार्यातली साडी आणि चेहरा असा फुललेला, की आमच्या लग्नातसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता.

"आई, हे पेढे कशाचे?"

"लाजतीस कशाला? मला काय दिसत न्हाय व्हय? गनपतीपास्नं तू येकदा तरी बाजूला बसलीस काय?"

तर गोम इथे होती. आमच्या घरात अजून पाळी पाळतात. चार दिवस चुलीला आणि देवाला शिवायचं नाही, मागच्या खोलीत चटई टाकून वेगळं राहायचं. त्या चार दिवसांत स्वयंपाक आईच्या अंगावर पडतो. त्यामुळे माझी पाळी कधी येते, कधी जाते, हे तिला माझ्याआधी ठाऊक. नवीन लग्न झालं तेव्हा मला याचा इतका राग यायचा की मी चटईवर बसून मुद्दाम मोठ्याने मोबाइल लावायचे. आता गणपती गेले, नवरात्र गेलं, रोजची माळ मीच बांधली, दिवाळीचा फराळ मीच केला, आणि आईला एकदाही चूल फुंकावी लागली नाही. तिने गुपचूप हिशेब मांडला. त्यात मी रोज सकाळी दोन अंडी आणि केळी खात होते, आणि मंगळवारी मोरीत भडाभडा ओकले होते. एवढा पुरावा मिळाल्यावर कोर्टसुद्धा थांबलं नसतं.

खरं सांगायचं तर मंगळवारी मी ओकले ते समुद्राचं खारं पाणी पोटात गेल्यामुळे. अंडी खात होते ती दम टिकावा म्हणून. आणि पाळी थांबली होती ती इंजेक्शनमुळे. मूल होऊ नये म्हणून सरकारी उपकेंद्रात जे मिळतं ते, अंतरा.

हे एका वाक्यात सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण आईने माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि म्हणाली, "आता ते पोहनंबिहनं बंद. रैवारी कुठं जायचं न्हाय." पेढा माझ्या घशातच अडकला, कारण त्याच रविवारसाठी मी सहा महिने जीव टाकत होते.

मी मूळची आगरदांड्याकडची. खाडीच्या काठावर घर, वडील फेरीच्या धक्क्यावर दोर बांधायच्या कामाला. मला चालता आलं आणि पोहता आलं ते जवळपास एकदमच. लग्न होऊन आले ती दिवेआगरच्या आतल्या अंगाला, भातशेतीच्या गावात. इथल्या बायका समुद्रावर जातात त्या नारळ वाहायला, नारळीपौर्णिमेला, आणि तेही घोट्यापर्यंत. गेल्या मे महिन्यात मी आणि माझा नवरा रितेश किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो. पुण्याकडची एक बाई कमरेएवढ्या पाण्यात पाय निसटून आत ओढली गेली. काठावर पुरुष खूप होते, पण परक्या बाईच्या अंगाला हात कसा लावायचा म्हणून घुटमळत होते. मी ओढणी फेकून ड्रेससकट आत गेले आणि तिला केसांना धरून बाहेर आणली. ती रडत माझ्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. या मोसमापासून किनाऱ्यावर जीवरक्षक नेमणार असं कळलं, तेव्हा बाईमाणसाने अर्ज करू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी केला.

आणि त्याच आठवड्यात रितेशला सांगितलं की निवड होऊन एखादा मोसम नीट पार पडेपर्यंत मूल नको. रितेश दिघीच्या बंदरात क्रेनवर कामाला आहे. जगातला सगळ्यात भला माणूस, फक्त आईसमोर त्याची वाचा बसते. तो म्हणाला, "चालेल. पण आईला?" मी म्हटलं, "आईला तू सांग." तो म्हणाला, "सांगतो." त्याला आता सहा महिने होऊन गेले.

उपकेंद्रात मात्र तो मला स्कूटरवरून घेऊन गेला. तिथली कोकिळा सिस्टर म्हणजे आडदांड बाई. आवाज असा की आत बोलली तर बाहेरच्या रांगेला ऐकू जावं, म्हणून तिने आधी दार लावून घेतलं आणि टेबलावर सगळं दुकानच मांडलं. निरोध, रोज घ्यायच्या गोळ्या, आठवड्याच्या गोळ्या, तांबी. मी एकेक उचलून बघत होते. बांगड्या भरायला बसल्यासारखं मला उगाच खूप हसू येत होतं. रितेश भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यात तोंड खुपसून बसला होता.

"हसतेस काय, नीट ऐक," सिस्टर म्हणाली. "निरोध पुरुषाचं वीर्य आत पोचूच देत नाही. आणि आजारापासून वाचवणारा यातला हा एकटाच, हे लक्षात ठेव. रोजची गोळी बाईचं बीज बाहेर पडू देत नाही, पण रोज म्हणजे रोज. विसरलीस की गेलं. ही आठवड्याची छाया. पहिले तीन महिने आठवड्यातनं दोनदा, मग एकदा. आणि ही तांबी. गर्भपिशवीत बसवली की त्यातलं तांबं पुरुषाच्या बीजाला निकामी करतं. वर्षानुवर्षं बघायला नको."

गोळ्यांचं पाकीट आमच्या घरात लपवायला जागा नाही. आई तांदळाचे डबेसुद्धा महिन्यातून एकदा उन्हात घालते. तांबीने पहिले काही महिने अंगावर जास्त जाऊ शकतं असं सिस्टरच म्हणाली, आणि मला रोज पाण्यात उतरायचं होतं. राहिलं इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी दंडात एक. कुणाला दिसत नाही, कुणाला कळत नाही.

"पण पाळीत गडबड होईल," सिस्टरने बजावलं. "आधी थोडं थोडं, अवेळी. मग कदाचित थांबेलच. थांबली तर घाबरायचं नाही. या औषधानं बीज सुटत नाही, पिशवीच्या तोंडाशी चिकटा घट्ट होतो, आणि आतलं अस्तर पातळच राहतं. दर महिन्याला जे गळून पडतं ते अस्तरच ना? तेच वाढलं नाही तर पडणार काय? रक्त आत साठत नाही, कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आणि मूल हवं झालं की आधीच सांग. बंद केल्यावर लगेच राहत नाही, सात-आठ महिने, कधी जास्तही लागतात."

मी सगळं समजून घेतलं. अस्तर समजलं, बीज समजलं. पण पाळी थांबली की आमच्या घरात चटई पसरली जाणार नाही, आणि चटई पसरली नाही की आई महिने मोजणार, हे ना सिस्टरला सुचलं ना मला. मी तर खूश होते, की बरं झालं, मागच्या खोलीतून सुटले!

शुक्रवारी रात्रपाळीहून रितेश घरी आला तो दारातच आईने त्यालाही पेढा भरवला. मी आतून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. बोल! आता बोल! तो पेढा चघळत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "चांगला आहे." मला त्याला तिथल्या तिथे झोडपावंसं वाटलं.

"परवा निवडीची परीक्षा आहे," तो आत येऊन कुजबुजला. "आज सांगितलं तर घरात महाभारत होईल. तुला झोप नको? ती झाली की सांगू."

आणि मीही मान हलवली. रविवारी सकाळी कसंही करून निसटायचं, असं आमचं ठरलं. तेवढे दोन दिवस मी गर्भार राहिले. आईने कुठूनतरी गेल्या उन्हाळ्यात वाळवलेल्या कैऱ्यांची आंबोशी काढली, चिंच काढली. केर मला काढू दिला नाही. माझ्या पायांना तेल लावायला बसली तेव्हा मी पाय ओढून घेतले, तर म्हणाली, "माज्या पायांना कुनी लावलं न्हवतं, म्हनून लावते. गप बस." मला आंबोशी आवडत होती आणि तेलही आवडत होतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटत होती.

रविवारी पहाटेच आई शेताकडे गेली. भाताची झोडणी चालली होती. तिची पाठ वळली तशी मी पोहायचे कपडे पिशवीत घातले आणि रितेशच्या स्कूटरवर मागे बसले. वाटेत थंडगार वारा, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं. मी मागे बसून ओरडत होते, "अजून जोरात! अजून जोरात!" माझं काळीज इतकं धडधडत होतं की रितेशला पाठीत जाणवलं असेल.

किनाऱ्यावर ही गर्दी! अर्धं गाव, होमस्टेवाले, पर्यटक, भेळवाले. अलिबागहून आलेले दत्तात्रेय सर, शिट्टी गळ्यात आणि उन्हाने रापलेले, सगळ्यांना रांगेत उभं करत होते. उमेदवारांत मी एकटीच बाई. काळी लेगिंग आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट घालून मी उभी राहिले तेव्हा मागून कुणीतरी शिट्टी मारली. सरांनी वळून त्याच्याकडे असं बघितलं, की पुन्हा कुणाची हिंमत झाली नाही. रक्तदाब तपासायला टेबल टाकून बसली होती ती आपली कोकिळा सिस्टर. तिने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि हळूच म्हणाली, "डोस उलटून गेला तुझा. दोन आठवडे झाले. आहेस कुठे?"

"झोडणी होती हो."

"चार आठवड्यांपर्यंत चालतं. पण पुढे ढकलू नकोस. सोमवारी ये."

सरांनी सांगितलं, लाटांच्या पलीकडे नारिंगी तरंगता बोया आहे. त्याला वळसा घालून परत यायचं. मग विनेश पाण्यात बुडायचं सोंग करील, त्याला ओढून काठावर आणायचं. विनेश म्हणजे बनाना बोट चालवणारा मुलगा. अंगाने भातकोठारासारखा. त्याने माझ्याकडे बघून हात हलवला आणि मी मनात म्हटलं, बघच आता तुला कसा आणते.

शिट्टी वाजायच्या बेतात होती. तेवढ्यात केवड्याच्या रांगेपलीकडे एक रिक्षा येऊन थांबली आणि त्यातून अंगावर भाताचं तूस घेऊन आई उतरली. मागोमाग रंगूकाकी; तिनेच आम्हाला जाताना बघितलं असणार.

"थांबवा! तिला थांबवा!" आई वाळूतून धावत आली. ती समुद्राच्या इतक्या जवळ कधी धावली नसेल. "साहेब, माझी सून पोटुशी हाय! तिसरा म्हैना हाय तिला!"

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "ताई, खरं आहे का हे? मग मी तुम्हाला पाण्यात सोडू शकत नाही. सोडलं तर माझ्यावर येईल."

"खोटं आहे," मी म्हणाले.

"खोटं?" आईचा आवाज फाटला. "गनपतीपास्नं हिला पाळी न्हाय! सांगू दे तिला, आली का सांगू दे!"

माझी पाळी अशी सगळ्या दिवेआगरच्या किनाऱ्यावर मांडली गेली. माझे कान तापले. मी कोकिळा सिस्टरकडे बघितलं. तिने एकदा बोलावं आणि सुटावं, असं मला वाटलं. ती नुसती म्हणाली, "कोण काय औषध घेतं ते मी सांगत नसते. ज्याचं त्यानं सांगायचं." आणि तिने हातांची घडी घातली. त्या क्षणी मला तिचा राग आला, पण ती बरोबर होती.

समोर समुद्र होता, आणि बोया वरखाली होत होता. बोलले नाही तर आज घरी जाऊन पुन्हा आंबोशी खात बसायचं. बोलले तर ही सगळी माणसं ऐकणार. विनेश ऐकणार, भेळवाला ऐकणार. मी डोळे मिटले आणि बोलले.

"आई, मी मूल होऊ नये म्हणून इंजेक्शन घेते. त्यानं पाळी थांबते. मला दिवस गेलेले नाहीत."

आईने रितेशकडे बघितलं. आता हा पुन्हा "चांगला आहे" म्हणणार, असं मला वाटलं. पण तो पुढे आला, आणि बारीक आवाजात का होईना, म्हणाला, "मीच तिला स्कूटरवरनं नेलं होतं, आई. दोन्ही वेळा. आमचं दोघांचं ठरलेलं आहे." मला इतका आनंद झाला की दोन दिवसांचा राग मी तिथेच माफ करून टाकला.

रंगूकाकी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. "इंजेक्शन घेऊन बी ऱ्हातात कितीतरी! डोस चुकला न्हाय कशावरनं?"

सर माझ्याकडे वळले. डोस चुकलाच होता. दोन आठवडे उलटून गेले होते. चार आठवड्यांपर्यंत चालतं हे सिस्टर आत्ताच म्हणाली होती, पण चालतं म्हणजे अगदी नक्कीच का? मंगळवारचं ओकणं नक्की खाऱ्या पाण्याचंच होतं का? माझं मलाच काही कळेना.

"किट आहे माझ्याकडे," कोकिळा सिस्टर म्हणाली आणि तिने पेटीतून पाकीट काढलं. "पाच मिनिटांत निकाल. एक रेघ आली तर पोहायचं, दोन आल्या तर घरी. आहे कबूल?" सरांनी मान डोलावली. मला कुणी विचारलंच नाही, पण मलाही कबूल होतं.

किनाऱ्यावरच्या शौचालयात जाऊन मी डबीत लघवी घेऊन आले. सिस्टरने पट्टीवर थेंब टाकले. टेबलाभोवती ही झुंबड! सिस्टर ओरडली, "ही काय मटक्याची पाटी आहे? मागे व्हा!" बायकांनी पुरुषांना मागे ढकललं आणि स्वतः पुढे झाल्या. पलीकडच्या माणसांना काहीच दिसत नव्हतं, ती नुसती विचारत होती, "किती आल्या? किती आल्या?" विनेश पाण्यातूनच विचारत होता. आई माझ्या शेजारी उभी राहून डोळे मिटून ओठ हलवत होती. ती दोन रेघांसाठी देवाला साकडं घालत होती, आणि मी तिच्या खांद्याला खांदा लावून एकीसाठी. देवाची काय पंचाईत झाली असेल!

पहिली रेघ उमटली. गुलाबी, ठसठशीत. मी पट्टीवरून नजर काढली नाही. दुसऱ्या रेघेची जागा पांढरी होती. मला तिथे काहीतरी गुलाबीसर दिसायला लागलं. मी डोळे चोळले. पांढरं. पुन्हा गुलाबीसर. "सिस्टर, तिथे काही आहे का?" "तुझ्या डोळ्यांत आहे. थांब." वेळ सरता सरेना. शेवटी सिस्टरने पट्टी उचलली, उन्हात धरली, आणि बाहेरच्या रांगेला ऐकू जाणाऱ्या आपल्या त्या आवाजात म्हणाली, "एक!"

मी उडी मारली. रितेशने उडी मारली. पर्यटकांना काय झालं ते कळलं नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग मी आईकडे बघितलं. ती वाळूत बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. माझा सगळा आनंद तिथे येऊन थांबला. मी तिच्यासमोर बसले. "आई, चुकलं माझं. शुक्रवारीच सांगायला हवं होतं."

तिने पदराने नाक पुसलं. "सगळ्या गावाला त्वांड ग्वाड करून आले मी. आता काय म्हनून सांगू?" मग तिने माझा दंड धरला आणि मला उठवलं. "जा. आता मागं सरलीस तर मंग खरंच कुनाला त्वांड दावायला जागा न्हाय मला. जा!"

शिट्टी वाजली. मी पाण्यात शिरले ती कशी, ते मला आठवत नाही. पहिली लाट अंगावर फुटली, दुसरीच्या खालून गेले, तिसरीच्या पलीकडे पाणी मोकळं झालं. बाकीचे सरळ बोयाकडे तोंड करून हात मारत होते आणि ओढ त्यांना बाजूला नेत होती. खाडीत वाढलेल्या माणसाला पाण्याशी भांडायचं नसतं, एवढं तरी वडिलांनी शिकवलं होतं. मी तिरकी निघाले, ओढीनेच मला बोयापाशी आणून सोडलं. बोयाला वळसा घालताना मला हसू फुटलं आणि तोंडात पाणी गेलं. परत येताना छाती फुटायची वेळ आली. पण काठावरून रितेशचा आवाज येत होता, आणि त्याच्याही वर कोकिळा सिस्टरचा.

विनेशने बुडायचं सोंग असं वठवलं की तो खरोखरच मला घेऊन बुडाला असता. त्याने गळ्याला मिठी मारली. मी खाली बुडी घेतली, त्याची मिठी सुटली, मागून जाऊन त्याच्या हनुवटीखाली हात घातला आणि त्याला उताणा ओढत आणला. "हळू गो, ताई, हळू!" तो म्हणत होता. वाळूला पाठ लागल्यावरच मी त्याला सोडला.

सरांनी निवडलेली नावं तिथेच वाचली. त्यात माझं होतं. मी सरांना मिठी मारणार होते, वेळेवर भान आलं म्हणून सिस्टरला मारली.

मी ओलीचिंब होते, स्कूटरवर वारा लागला असता, म्हणून मी आईबरोबर रिक्षात बसले. रंगूकाकी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, मीच कशी हिला पहिल्यापासून ओळखून होते, ते त्याला सांगत होती. आई अंगावरचं तूस झटकत बसली होती. मला वाटलं, आता घरी गेल्यावर निघणार सगळं.

"मी म्हैने का मोजते, ठाव हाय तुला?" ती एकदम म्हणाली. आवाज इतका खाली, की मला कान जवळ न्यावा लागला.

मी नाही म्हणाले.

"सवय हाय. लगीन झाल्यापास्नं आपरेशन हुईस्तवर दर म्हैन्याला मोजलंय. साताठ खेपा झाल्या माज्या. रितेश आनी त्याच्या दोन भैनी जगल्या, बाकीच्या गेल्या. पाळी आली की मी सुटले म्हनून मागल्या खोलीत चटईवर बसून देवाला हात जोडायची. देवाला शिवायचं न्हाय, तरी तिथनंच जोडायची."

"आणि नाही आली की?"

"न्हाय आली की विहिरीवर पानी भरायला दुसऱ्या कुनाला तरी धाडायची." ती बाहेर बघत होती. "येकली जायची न्हाय. माजा मला भरोसा न्हवता."

ओल्या कपड्यांतून थंडी वाजत होती. मी तिचा हात धरला. तो झोडणीने खरखरीत झाला होता. तिने तो काढून घेतला नाही. रिक्षा आमच्या शेतांपाशी वळली.

"ते इंजेक्शन आता कंदी हाय तुजं?"

"उद्या. सोमवारी."

"मी येते संगं."

"कशाला, आई? मी जाईन."

"त्या कोकिळेला विचारायचं हाय. आतलं अस्तर, बीज, ते समदं कसं चालतं ते." तिने पदर सावरला. "मला आता त्याचा काय उपेग न्हाय. पन ऐकायचं हाय."